विनामूल्य यंत्रविद्या : दोनशे वर्षांचा वृत्तांत व आपले कर्तव्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस ज्ञातीतील शिक्षणाविषयी चार पाने लिहून देण्याची आज्ञा केली. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून आम्ही उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. तेव्हा संगणक व अभियांत्रिकी यांसारख्या विषयांवर अधिकारवाणीने काही सांगावे एवढी आमची योग्यता नाही, हे प्रथमच नम्रपणे नमूद करतो. तथापि मुलांस विद्या कोणत्या वाटेने मिळते व कोठे अडते, हे चाळीस वर्षे डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे, त्या वाटेचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

प्रतिवर्षी आपण स्मरणिकेत पदवीधरांची नावे व गुणवंतांची छायाचित्रे छापतो. ती प्रथा स्तुत्य आहे. परंतु ज्यांची छायाचित्रे छापली जात नाहीत अशा मुलांचा विचार करण्याचे स्थळही हेच आहे. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसू लागली. जेथे आपल्या वाडवडिलांची भातखाचरे व मिठागरे होती, तेथे ऐरोली, महापे, वाशी, बेलापूर येथपर्यंत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रातःकाळी आपल्यातील पुष्कळ तरुण त्याच इमारतींकडे कामास जातात. पण त्यांतील बहुतेक मोटार हाकण्यास, दारावर पहारा करण्यास किंवा उपाहारगृहात राबण्यास जातात. ही कामे प्रामाणिक कष्टाची आहेत व आम्ही त्यांस यत्किंचितही हलके लेखीत नाही. प्रश्न एवढाच की, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जे काम चालते ते शिकविणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध असताना आपली मुले तेथवर का पोहोचत नाहीत? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्वपीठिका

यंत्रविद्या मराठीतून शिकविण्याचा प्रयत्न ही अलीकडची गोष्ट नव्हे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२३ च्या सुमारास, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मुंबईत अभियांत्रिकीची एक शाळा निघाली. सरकारला जमीन मोजणारी व बांधकामावर देखरेख करणारी एतद्देशीय माणसे हवी होती, हा तिचा व्यावहारिक हेतू. पण शिकविण्याची भाषा मराठी व गुजराती होती. त्यासाठी जर्व्हिसने आपल्या शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणितावरील इंग्रजी ग्रंथ मराठीत आणविले. म्हणजे भूमिती व मोजणीची विद्या ज्या वेळी प्रथम या प्रांतात शाळेच्या रूपाने आली, त्या वेळी ती आपल्याच भाषेत बोलत होती. ती शाळा फार काळ टिकली नाही. पुण्यास १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला व त्यातूनच पुढे तेथील सुप्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले. परंतु कालांतराने उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली, आणि ज्याच्या घरी इंग्रजी नाही त्याला यंत्रविद्येचे दार बंद झाले.

ते दार पुन्हा किलकिले करण्याचा थोर प्रयत्न बडोद्यास झाला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन स्थापिले. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ, आणि जन्माने सुतार ज्ञातीचे. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम या विद्या कारागिरांच्या मुलांना मातृभाषेतून शिकविता आल्या पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष होता. आणि त्यासाठी शास्त्र व कला या विषयांवर देशी भाषांत ग्रंथ लिहवून घेण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही काही काळ कलाभवनाचे विद्यार्थी होते. पुढे मराठीत १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले व १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या सर्वांनी भाषेची अडचण आपापल्या परीने कमी केली. परंतु पुस्तक विकत घेण्यास पैसा लागे, मासिकास वर्गणी लागे, आणि यंत्र तर पाहावयासही मिळत नसे.

येथे ज्ञातिसंस्थांच्या दृष्टीने एका गोष्टीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची विद्यार्थी वसतिगृहे उभी करविली. कोल्हापुरात शाळा त्यापूर्वीही होत्या. मग वसतिगृहे कशासाठी? कारण खेड्यातील मुलास शाळेपर्यंत पोहोचून तेथे टिकता येत नव्हते. त्याला निजावयास जागा, दोन वेळचे अन्न, रात्री दिवा, आणि ‘अभ्यास केलास का?’ असे विचारणारे वडीलधारे माणूस पाहिजे होते. महाराजांनी ही उणीव नेमकी ओळखली. ज्या ज्या ज्ञातींनी त्या हाकेस ओ देऊन वसतिगृहे चालविली, त्यांच्यातील वकील, डॉक्टर व शिक्षक यांची पहिली पिढी तेथूनच निघाली. हा दाखला आम्ही मुद्दाम देत आहोत. पुढे त्याचे प्रयोजन लक्षात येईल.

संगणकाचे आगमन

संगणक हे यंत्र आपल्या मुंबईस नवीन नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण शास्त्रज्ञांनी स्वतः आराखडा करून बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या व त्याने मोठी खोली व्यापली होती; १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पवईची आय. आय. टी. १९५८ सालची. १९८५ साली मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. देशातील शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था संगणकांनी परस्परांस जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. हे केंद्र २००३ साली ‘सी-डॅक’ या संस्थेत विलीन झाले व त्याची एक वास्तू आज आपल्या खारघर स्थानकासमोरच उभी आहे. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या त्याच सी-डॅकने ‘परम’ महासंगणक बांधला व संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणण्याचे कामही केले. मराठी लिपी यंत्रात उमटू लागली, ही आमच्या मते महासंगणकाहून लहान गोष्ट नव्हे.

परंतु या काळी संगणक ही मोठ्या संस्थांची मत्ता होती. मुलांच्या हाती विज्ञान व यंत्र देण्याचा विचार वेगळ्या मंडळींनी केला. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आज ते खाडीच्या पलीकडे, मानखुर्द येथे आहे. वाशीहून लोकलने खाडीपूल ओलांडला की पुढचेच स्थानक. महानगरपालिकेच्या शाळांतील व खेड्यांतील मुले विज्ञानात मागे का पडतात, याचा त्या केंद्राने अभ्यास केला. आणि पुष्कळदा अडचण बुद्धीची नसून पुस्तकाच्या अवघड भाषेची असते, हे दाखवून दिले. पुढे याच केंद्रातील संशोधकांनी शाळकरी मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती व बाहुल्या तयार करवून घेण्याचे पाठ रचिले. आधी कागदावर आराखडा, मग मापे, मग साहित्याची यादी, मग प्रत्यक्ष बांधणी व शेवटी स्वतःच्या चुकांची तपासणी, असा त्यांचा क्रम होता. अभियंता याहून निराळे काय करतो?

दुसरे नाव श्री. अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय. आय. टी.चे हे पदवीधर. सायकलच्या व्हॉल्व्ह-नळीचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांनी मुलांना त्रिकोण, चौकोन व घन करावयास शिकविले. आगकाड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पूल व छपरे त्रिकोणांनी का बांधतात, हे मुलास व्याख्येवाचून कळते. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि आपली सारी खेळणी, चित्रफिती व शेकडो पुस्तके, त्यांत मराठीही आली, संगणकावर विनामूल्य ठेविली. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

तिसरे स्थळ पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ. मुंबईतील मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली त्या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास ठरलेली मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, शेती व पशुपालन हाताने करीत व करता करता त्यामागील शास्त्र शिकत. अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठाने संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याच्या ‘फॅब लॅब’ नावाच्या कार्यशाळा देशोदेशी काढण्याचे ठरविले, तेव्हा परदेशातील अगदी आरंभीची कार्यशाळा २००२ च्या सुमारास या पाबळलाच निघाली. ज्या गावास पाण्याची भ्रांत, तेथे जगातील अद्ययावत यंत्रे आली. कारण हाताने काम करणारी मुले व त्यांच्याजवळ उभे राहणारे गुरुजी तेथे आधीपासून होते.

विनामूल्य आणि मुक्त

आता ज्या साधनांविषयी हा लेख आहे त्यांकडे वळू. त्यापूर्वी दोन शब्दांतील भेद सांगणे अवश्य आहे. ‘विनामूल्य’ म्हणजे ज्यास पैसा पडत नाही ते. ‘मुक्त’ म्हणजे जे घेऊन, नकलून, आपल्या गरजेप्रमाणे बदलून दुसऱ्यास देण्याची कर्त्याने स्वतःच मोकळीक दिली आहे ते. आपल्याकडे पूर्वी पोथी नकलून घेण्याची चाल होती. नकलून घेणारा चोर ठरत नसे. उलट पोथी देणाऱ्यास पुण्य लागे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सॉफ्टवेअरच्या बाबतीत हाच विचार जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ लोकांपुढे ठेविले. या दोघांच्या व त्यांच्या असंख्य सहकाऱ्यांच्या श्रमांमुळे आज जुना, इतरांनी टाकून दिलेला संगणकदेखील एक पैसा न देता, कायदेशीर मार्गाने, कामास लावता येतो. इटलीत २००५ साली निघालेल्या ‘आर्दुइनो’ या चिमुकल्या नियंत्रक पाटीचा आराखडाही असाच खुला आहे. दिवा लावणे, पंखा फिरविणे, पाण्याची टाकी भरताच पंप बंद करणे, अशी कामे तिच्याकडून करविता येतात.

धड्यांची गोष्टही तशीच. एम. आय. टी. विद्यापीठाने २००१ साली आपल्या वर्गांतील पाठ सर्व जगास खुले करण्याची घोषणा केली. आपल्या देशात २००३ साली सात आय. आय. टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एन. पी. टी. ई. एल.’ हा उपक्रम हाती घेतला. अभियांत्रिकीच्या प्रत्येक शाखेतील प्राध्यापकांची व्याख्याने त्यात कोणासही पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावयाची असेल तरच शुल्क पडते. ज्या आय. आय. टी.त प्रवेश मिळावा म्हणून लोक लाखो रुपये शिकवणीवर खर्चितात, तेथील फळ्यावरचे गणित पनवेलच्या चाळीतील मुलास खाटेवर बसून पाहता येते, ही घटना आमच्या पिढीस अद्भुतच वाटते.

परंतु ही व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत व महाविद्यालयीन मुलांसाठी आहेत. शाळकरी व मराठी मुलांच्या दृष्टीने पवईच्या आय. आय. टी.तच जन्मलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम अधिक उपयोगाचा आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला व केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेने त्यास द्रव्यसाहाय्य दिले. त्याची रचना शिक्षकाच्या नजरेने आम्हांस विलक्षण वाटली. प्रत्येक धडा सुमारे दहा मिनिटांचा. पडद्यावर कोणी एक जण सॉफ्टवेअर चालवून दाखवितो व प्रत्येक कृती शब्दांत सांगतो. हे शब्द मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. पडद्यावरील अक्षरे मात्र इंग्रजीच राहतात, कारण पुढे नोकरीत तीच दिसणार. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर धडा व अर्ध्या पडद्यावर स्वतःचे काम ठेवावयाचे. धडा थांबवावयाचा, तेच स्वतः करून पाहावयाचे, चुकले तर मागे जावयाचे. हे धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. पवईतच शाळकरी मुलांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही इयत्तावार पुस्तके झाली. तेथील ‘ई-यंत्र’ उपक्रमात महाविद्यालयीन मुलांच्या निवडक संघांस यंत्रमानवाचे साहित्य देऊन स्पर्धा घेतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके व मराठी विश्वकोशही आज संगणकावर विनामूल्य वाचता येतो.

येणेप्रमाणे दोनशे वर्षांत भाषा, पुस्तक, यंत्र व शुल्क हे चारही अडसर बऱ्याच अंशी दूर झाले. मग उरले काय? ते सांगण्यासाठी आम्हांस स्वतःची एक चूक कबूल करावी लागेल.

आमच्या हातून झालेली चूक

सन २००५ च्या सुमारास आम्ही ज्या शाळेत होतो तेथे चार संगणक आले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, पाहुण्यांची भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी त्या यंत्रांवर तांबड्या मखमलीची आच्छादने घातली गेली व खोलीस कुलूप लागले. किल्ली आमच्या स्वाधीन करण्यात आली. आम्हांस संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. मुलाच्या हातून काही मोडले तर जाब आपणांस द्यावा लागेल, ही एकच धास्ती. तपासणीस साहेब आले की खोली उघडावयाची, झाडावयाची, पुन्हा कुलूप लावावयाचे. असे आम्ही चार वर्षे केले. एक चुणचुणीत विद्यार्थी मधल्या सुट्टीत येऊन नित्य विचारी, ‘‘गुरुजी, आज उघडणार का?’’ आम्ही म्हणत असू, ‘‘उद्या पाहू.’’ अखेरीस खोली उघडली तेव्हा दमट हवेने चारांपैकी तीन यंत्रे निकामी झाली होती आणि तो विद्यार्थी शाळा सोडून गेला होता.

निवृत्तीनंतर काही कामानिमित्त महाप्यातील एका कचेरीत जाण्याचा प्रसंग आला. दारावरच्या पहारेकऱ्याने वहीत आमचे नाव लिहिता लिहिता मान वर केली व खाली वाकून पायांस हात लाविला. तोच मुलगा! त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि हसत विचारले, ‘‘गुरुजी, ती खोली पुढे उघडली का हो?’’ त्याच्या प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. त्या खोलीत त्याचे भाग्य होते असे आम्ही म्हणत नाही. तो पुढे कोण झाला असता हे कोणास सांगता येईल? पण किल्ली आमच्या खणात होती, हे सत्य आहे. आणि ती यंत्रे देणाऱ्याने विनामूल्यच दिली होती, हेही सत्य आहे.

रविवारचा वर्ग

त्या दिवसापासून मन स्वस्थ बसेना. मंडळाच्या अनुमतीने आपल्या सभागृहाच्या मागील खोलीत आम्ही रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. एका सभासद कुटुंबाने दोन जुने संगणक दिले. ज्ञातीतील एका तरुण अभियंत्याने त्यांत लिनक्स घालून मराठी धडे उतरवून दिले. पहिल्या रविवारी अकरा मुले आली. आम्ही धडा लावून दिला व बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलो. अर्ध्या तासाने आत पाहतो तो पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू! मुलांस बोल लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही खुर्ची आत ओढली व त्यांच्यामध्ये बसलो.

तेथून आमचेही शिक्षण सुरू झाले. ‘पायथन’ नावाच्या भाषेत आज्ञावली कशी लिहितात, हे आम्ही मुलांबरोबर शिकलो. एकच कृती पुनःपुन्हा करविण्याची जी युक्ती आहे, ती धड्यात ऐकून मुलांस उमजेना. तेव्हा आम्ही म्हटले, ‘‘अरे, हा तर पाढा! एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आकडा तोच, पट मात्र दर खेपेस एकाने वाढतो, आणि दहावर थांबावयाचे हे आधीच ठरलेले असते.’’ एका मुलीने तीन ओळींची आज्ञावली लिहिली. यंत्राने चूक दाखविली. एक विरामचिन्ह राहिले होते. ते घालताच एकोणतीसचा पाढा सरसर उमटला. शुद्धलेखनात विरामचिन्हासाठी आयुष्यभर गुण कापणाऱ्या आम्हांस आमच्याहून कडक परीक्षक त्या दिवशी प्रथम भेटला.

नंतर त्या मुलीने विचारले, ‘‘दहाच्या जागी हजार घातले तर?’’ आम्ही म्हटले, ‘‘घालून पाहा.’’ हे दोन शब्द आम्ही २००५ साली उच्चारू शकलो नव्हतो.

वर्गाच्या अडचणीही लपवीत नाही. अकरांतील पाच मुले टिकली. मोबाईल घरोघरी असला तरी तो पाहण्याचे साधन आहे. त्यावर आज्ञावली लिहिणे वा आराखडा काढणे कष्टाचे होते. ‘फुकट’ म्हणून बोलावून पुढे पैसे उकळणारेही पुष्कळ आहेत. आपल्यातील एका कुटुंबाने अशाच एका शिकवणी वर्गास उसने काढून मोठी रक्कम दिली व हाती आले ते कोठेही न चालणारे प्रमाणपत्र. जी विद्या सरकारी संस्थेने विनामूल्य ठेविली आहे तीच हे लोक वेष्टनात घालून विकतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी जाणत्यास विचारावे, एवढी आमची पालकांस विनंती आहे. केवळ धडे पाहून नोकरी मिळते, असेही आम्ही कोणास सांगत नाही. शाळा-महाविद्यालयाचा अभ्यास सुटता कामा नये. ही साधने त्याच्या जोडीला आहेत.

आपले कर्तव्य

आता कोल्हापूरच्या वसतिगृहांकडे परत येऊ. १९०१ साली शाळा होत्या, पण खेड्यातील मुलास राहावयास जागा व विचारणारे माणूस नव्हते. आज धडे आहेत, पण दोन खोल्यांच्या घरात दूरचित्रवाणी, पाहुणे व भावंडे यांच्या गलबल्यात मुलास बसावयास जागा नाही आणि त्याच्याशेजारी बसणारे माणूस नाही. जर्व्हिसपाशी शास्त्रीमंडळी होती, कलाभवनात गज्जर होते, पाबळला कालबाग होते. जेथे जेथे ही विद्या रुजली, तेथे मुलाच्या शेजारी कोणीतरी बसले होते, असेच या दोनशे वर्षांच्या वृत्तांतावरून दिसते. त्या माणसास सर्व काही यावे लागते असे नाही. आम्हांस अजूनही फारसे येत नाही. पण ‘पुन्हा ऐक’, ‘चुकले तर चुकू दे’, ‘मग काय झाले सांग’, एवढे म्हणावयास मॅट्रिकचे शिक्षणही पुरते, हे स्वानुभवाने सांगतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे व सर्व सभासद कुटुंबांपुढे आमची नम्र सूचना अशी : सभागृहाची मागील खोली केवळ रविवारी न उघडता रोज सायंकाळी दोन तास उघडी असावी. ज्या घरी वा कचेरीत जुने संगणक पडून आहेत त्यांनी ते मोडीत न घालता मंडळास द्यावेत. संगणक कंपन्यांत नोकरीस असलेल्या आपल्या तरुणांनी द्रव्याऐवजी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. निवृत्त बंधुभगिनींनी पाळीपाळीने नुसते येऊन बसावे. मुलींस अंधार पडल्यावर घरी पोहोचविण्याची व्यवस्था असावी, अन्यथा त्या येणे बंद होईल. आणि खोलीची किल्ली कोणा एकाच्या खणात राहू नये. ती निदान पाच घरी असावी. एखादे यंत्र मुलांच्या हातून बिघडले तर त्याचा जाब आम्ही देऊ. तसे लिहून देण्यासही तयार आहोत.

महाप्याच्या त्या पहारेकऱ्याची कन्या यंदा आठवीत आहे. ती रविवारी येते. दर रविवारी नाही, कारण घरी धाकटे भावंड सांभाळावे लागते. मागच्या वेळी जाताना दाराशी थांबून तिने विचारले, ‘‘गुरुजी, पुढच्या रविवारी उघडणार ना?’’ आम्ही ‘हो’ म्हटले आहे. तो शब्द एकट्या आमच्याने फार दिवस पाळवणार नाही, वय झाले. तो साऱ्या ज्ञातीने आपला मानून पाळावा, एवढीच सर्वांचरणी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवितो.